तसा चांगला आहे, फक्त जरा स्लो आहे

हे वाक्य ज्याच्याबद्दल बोललं जातं असा एक लॅपटॉप आता घरोघरी आहे. बटण दाबल्यापासून पहिला फोल्डर उघडेपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या होतात, पण ते मालकाने सांगायचं नसतं आणि पाहुण्याने विचारायचं नसतं. यातले बरेचसे २०२० साली आले, शाळा घरात शिरल्या तेव्हा. वर्गशिक्षक मोबाईलच्या पडद्यावर मावेनात म्हणून घाईघाईत, पंचवीस-तीस हजारांत घेतलेले. मुलं परत शाळेत गेली, लॅपटॉप घरी राहिला. आता त्याला काम काय, तर वीजबिल, आधारची प्रिंट, सोसायटीला पत्र आणि वर्षातून एकदा इन्कम टॅक्स. तेवढ्यानेही त्याला धाप लागते.

याचं मूळ दुकानात आहे. काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी. एकावर लिहिलंय '१ टीबी हार्ड डिस्क', दुसऱ्यावर '२५६ जीबी एसएसडी'. किंमत उन्नीस-बीस. मराठी माणूस हिशेबात कच्चा नाही. एक टीबी म्हणजे हजार जीबी. तेवढ्याच पैशांत चौपट माल मिळत असताना २५६वाला उचलणारा वेडाच म्हणायचा. सेल्समनही मान डोलावतो, कारण एक टीबीवाले त्याला खपवायचेच असतात. डोंबिवलीला माझ्या ताईच्या घरी भाऊजींनी असाच हिशेब करून लॅपटॉप आणला. पाच वर्षांनी त्या हजारातले नव्वद जीबी भरलेत, आणि त्यातले चाळीस म्हणजे कुणाच्या तरी मुंजीचा व्हिडिओ, जो मुंजमुलानेही पाहिलेला नाही. बाकी नऊशे जीबी मोकळं रान. पण ते आपल्या नावावर आहे, याचं समाधान भाऊजींच्या चेहऱ्यावर अजून दिसतं.

असा लॅपटॉप सुरू झाला की आपल्याकडे पहिला विधी रिफ्रेशचा. ताईच्या शेजारी एक काका राहतात, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांच्याकडे तो साग्रसंगीत पाहायला मिळतो. काका चष्मा पुसतात. डेस्कटॉपवर जिथे काही नाही अशी जागा शोधतात, तिथे राइट क्लिक, रिफ्रेश. सगळे आयकॉन एकदा लवतात. पुन्हा राइट क्लिक, पुन्हा रिफ्रेश. मग शेवटी एफ फाइव्ह, तो सलग चार-पाच वेळा, खात्रीसाठी. "हं," काका म्हणतात, "आता बरा चालेल." आणि तो आधी चालत होता तसाच चालायला लागतो.

रिफ्रेश काय करतं? डेस्कटॉपवरची चित्रं पुसून पुन्हा काढतं. बस्स. रॅम रिकामी होत नाही, प्रोसेसरला हुरूप येत नाही, कुठे अडकलेलं काही सुटत नाही. पूर्वी कधी नवी फाइल केली तरी डेस्कटॉपवर दिसायची नाही, कधी डिलीट केलेली तिथेच बसून राहायची, म्हणून ती सोय. पण गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले तेव्हा क्लासचे सर खुर्चीत बसले की विचार करता करता हाताला चाळा म्हणून रिफ्रेश करायचे. फी भरून आलेल्या बॅचने ते वहीत उतरवून घेतलं. पिढ्यांमागून पिढ्या ते चाललं आहे. आधीच दमलेल्या यंत्राला आपण वर आणखी एक काम सांगतो आणि त्याने ते केलं की त्याची तब्येत सुधारली असं समजतो.

दुसरा विधी जरा वरच्या वर्गातला, जाणकारांचा. विंडोजचं बटण आणि आर. 'रन'ची चौकट. तिच्यात आधी 'टेम्प', मग 'परसेंट टेम्प परसेंट', मग 'प्रीफेच'. क्रम चुकवायचा नाही. प्रत्येक वेळी कंट्रोल ए, शिफ्ट डिलीट आणि मागे रेलून बसायचं. सातशे एमबी जागा मोकळी होते. जिथे नऊशे जीबी आधीच रिकामे पडलेत तिथे ही सातशे एमबीची भर पाहून माणसाला हलकं का वाटावं, हे मला कळलेलं नाही. प्रीफेचची तर वेगळीच गंमत आहे. कुठला प्रोग्राम उघडताना कुठल्या फाइली लागतात याची टिपणं विंडोज त्या फोल्डरमध्ये ठेवतं, पुढच्या वेळी लवकर उघडावं म्हणून. ती आपण दर रविवारी कचरा म्हणून काढून टाकतो. सोमवारी बिचारं पुन्हा टिपणं काढायला बसतं, आणि आपण म्हणतो, अजून स्लोच आहे, नीट साफ झालं नाही वाटतं.

यापुढची पायरी म्हणजे 'एका क्लिकमध्ये लॅपटॉप सुसाट' असं सांगणारं फुकट सॉफ्टवेअर. ते घेतल्या घेतल्या लॅपटॉपची तपासणी करतं आणि लाल अक्षरांत हजारभर दोष काढून दाखवतं. दोष दाखवणं फुकट, दूर करायचे पैसे. शिवाय लॅपटॉप सुरू झाला की सगळ्यांत आधी हेच उठून बसतं, म्हणजे आहे त्या वेगातला वाटा त्याला द्यायचा. हा धंदा काही आजचा नाही. १९९५ साली अमेरिकेत सिंक्रोनिस नावाच्या कंपनीने 'सॉफ्टरॅम ९५' बाजारात आणलं. दावा असा, की हे घाला आणि तुमची मेमरी दुप्पट होईल. लाखो लोकांनी घेतलं. जाणकारांनी आत पाहिलं, तर मेमरी वाढल्याचे आकडे पडद्यावर दाखवायची सोय चोख होती, मेमरी वाढवायची मात्र राहून गेली होती. शेवटी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला मध्ये पडावं लागलं. तोवर कित्येकांनी 'फरक पडला बरं का' असं एकमेकांना सांगितलं असणार. काकांचं आणि त्यांचं छान जमलं असतं.

स्लो लॅपटॉपपुढे माणसाचा स्वभाव कळतो. एखाद्या प्रोग्रामने पाच सेकंद हूं का चूं केलं नाही, की विंडोज त्याच्या खिडकीवर पांढुरका पडदा ओढतं आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी पाटी लावतं. हे विंडोजच्या संयमाचं माप. काकांचं दोन सेकंद. एक्सेलवर डबल क्लिक केलं, काही झालं नाही, पुन्हा केलं. मग जोरात केलं. जोरात केल्याने माउसला कळतं अशी एक समजूत आहे. पण लॅपटॉप विसरत नाही. तो प्रत्येक क्लिक रांगेत उभं करून ठेवतो आणि श्वास मिळाला की एकेक निकालात काढतो. काका पाणी पिऊन येईपर्यंत पडद्यावर सात एक्सेल उघडलेली असतात. ती बंद करण्यात जो वेळ जातो तोही काका लॅपटॉपच्याच नावावर लिहितात.

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने एकदा हे सगळं सहन न होऊन भाऊजींच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडला. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप.

"मामा, हे बघ. प्रोसेसर बारा टक्के. मेमरी नव्वद. आणि डिस्क?"

डिस्कच्या खाली शंभर टक्के. बराच वेळ शंभरच. आम्ही कुणीही काहीही करत नव्हतो.

"म्हणजे प्रोसेसर रिकामा बसलाय?" भाऊजींनी विचारलं. त्यांच्या ऑफिसात त्यांना याच गोष्टीचा राग येतो.

"बसला नाहीये. वाट बघतोय."

मग त्याने ताईच्या स्वयंपाकघरातच ते समजावलं. रॅम म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. स्वयंपाक ओट्यावर व्हायचा. ओटा चार जीबीचा. सकाळी त्यावर आधी ऑपरेटिंग सिस्टिम आपला पसारा मांडते, निम्मा ओटा तिथेच गेला. मग अँटिव्हायरस. मग ब्राउझर, आणि आजकालचे ब्राउझर बहुतेक प्रत्येक टॅबला वेगळं भांडं घेतात, एक उतू गेलं तरी बाकीचं वाचावं म्हणून. भाऊजींचे चौदा टॅब उघडे, त्यातले चार एकाच ट्रेनच्या वेळापत्रकाचे. ओटा भरला की एकेक डबा माळ्यावर. नेमका तोच लगेच लागतो. शिडी लाव, चढ, तो डबा काढ, त्याला जागा करायला दुसरा वर टाक.

"आणि माळ्यावर चढणारा एकटाच," भाचा म्हणाला.

हार्ड डिस्कमध्ये खरोखरच चकत्या फिरतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदाला नव्वद. वाचणारं बोटभर आर्म योग्य रेषेवर न्यायचं आणि हवा तो तुकडा फिरत फिरत खाली येईपर्यंत थांबायचं. नुसत्या त्या थांबण्यातच सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात, आर्म हलवण्याचे वेगळे. सगळं धरून सेकंदाला फार तर शंभरेक खेपा. आपल्याला शंभर म्हणजे पुष्कळ वाटतात. प्रोसेसर तेवढ्या वेळात अब्जावधी आकडेमोडी करू शकतो, आणि एसएसडी, जिच्यात फिरणारं काहीच नसतं, हजारोंनी खेपा घालते. बारा टक्क्यांवर बसलेल्या प्रोसेसरचं दुःख तेव्हा कुठे भाऊजींच्या लक्षात आलं.

मग स्टार्टअपची यादी निघाली. लॅपटॉप सुरू होताच न बोलावता कोण कोण उठतं त्याची. त्यात एका प्रिंटरचं सॉफ्टवेअर होतं. प्रिंटर तीन दिवाळ्यांपूर्वी भंगारात गेला. पाण्यात पडून वारलेल्या फोनचं होतं. लॉकडाऊनमधल्या मीटिंगांची तीन वेगवेगळी अॅप्स, नव्या लॅपटॉपबरोबर आलेला आणि मुदत संपल्यापासून रोज पैसे मागणारा अँटिव्हायरस, आणि एक गेम, ज्याच्याबद्दल काही न बोलता भाचा पुढे सरकला. हे सगळं बंद करायला पैसा लागत नाही आणि वेगात खरोखर फरक पडतो. पण आपल्या घरांत वस्तू काढणं म्हणजे काय, हे ज्याने कधी माळा आवरला आहे त्याला सांगायला नको.

"हे प्रिंटरचं काढू?"

"राहू दे. पुढेमागे प्रिंटर घेतलाच तर?"

"बाबा, दुसऱ्या कंपनीचा घेतला तर?"

"त्याच कंपनीचा घेऊ."

हे चालू असताना काका आले आणि आपल्या लॅपटॉपची फाइल काढून बसले. आपला रोजच्या रोज बंद होतो म्हणून टिकलाय, असं त्यांचं म्हणणं. रात्री साडेदहाला शटडाऊन, मग भिंतीवरचा स्विच बंद. भाच्याने त्यांच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजरमधला 'अप टाइम' दाखवला. एक्केचाळीस दिवस. काकांना तो आरोप वाटला. झालंय असं, की २०१२च्या विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. सकाळी लवकर उठता यावं म्हणून सिस्टिमचा गाभा तसाच्या तसा डिस्कवर टिपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू. कोरी पाटी हवी असेल तर रीस्टार्ट करावं लागतं. म्हणजे जो माणूस रोज शिस्तीत शटडाऊन करतो त्याचा लॅपटॉप महिनोन्‌महिने जागा, आणि वैतागून रीस्टार्ट मारणाऱ्याचा ताजातवाना.

"म्हणजे मी बंद केला तरी तो बंद होत नाही?"

"तुम्ही तरी कुठे होता?" मागून काकू म्हणाल्या. "रिटायर होऊन सहा वर्षं झाली, अजून मार्चएंडला झोप लागत नाही."

काकांच्या लॅपटॉपला आणखी एक आजार होता, तो हात लावताच कळला. इस्त्रीइतका गरम. काका तो मांडीवर गोधडी घेऊन वापरतात. हवा आत घ्यायच्या जाळ्या बहुतेक लॅपटॉपच्या पोटाला असतात. त्या गोधडीने बंद केल्या की आतलं तापमान चढतं, आणि शंभर अंशांच्या जवळ आलं की प्रोसेसर जिवाच्या भीतीने आपला वेग स्वतःच कमी करतो. भाच्याने मागचं झाकण काढून पंखा पाहिला. त्यावर करड्या रंगाचा एक अखंड नमदा बसला होता, बोटाने उचलला तर एका तुकड्यात निघाला. त्यात लोकर होती, केस होते आणि शेवेचे दोन तुकडे होते. काकूंनी ते ओळखले.

'फॉरमॅट मार' या इलाजाबद्दल फार लिहीत नाही. तो सांगणारा माणूस नेहमी फोनवर असतो आणि त्याला स्वतःला यायला कधीच वेळ नसतो. 'सी उडव, डीला हात लावू नको' एवढं सांगून तो फोन ठेवतो. महिनाभर लॅपटॉप पळतो, मग पुन्हा प्रिंटरचं सॉफ्टवेअर येतं.

यंत्राचा दोष किती आणि आपला किती, हे भांडण जुनं आहे. पास्कल ही प्रोग्रामिंगची भाषा घडवणाऱ्या निक्लाउस विर्थ यांनी १९९५ साली एका लेखात तक्रार केली होती, की यंत्रं जेवढ्या वेगाने जलद होतात त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जातं. त्याच वर्षी आलेलं विंडोज ९५ चालायला किमान ४ एमबी रॅम पुरायची. २०२१च्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे हजारपट. मधल्या काळात आपलं काम हजारपट झालं का? काका १९९८ साली सोसायटीला पत्र टाइप करत होते, 'विषय : तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा दाब कमी असल्याबाबत.' आजही तेच पत्र आहे, तारीख तेवढी बदलतात. पाण्याचा दाबही वाढलेला नाही.

आणि आता तर विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ घालायचं तर टीपीएम २.० ची चिप हवी आणि इंटेल असेल तर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. हातीपायी धड असलेले कितीतरी लॅपटॉप यात बसत नाहीत. काकांचा बसत नाही. भाच्याने त्यांना लिनक्स मिंट सुचवलं. हलकं आहे, फुकट आहे. फुकट म्हटल्यावर काका क्षणभर विरघळले, मग त्यात एक्सेल नसून लिबरऑफिस आहे असं कळल्यावर सावरले.

भाऊजींच्या लॅपटॉपची गोष्ट मात्र मार्गी लागली. प्रोसेसर बरा होता, अडचण माळ्याची होती. आम्ही मुंबईत ग्रँट रोडला उतरून कॉम्प्युटरच्या सामानाच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीला तसं सांगितलं तर ती कुठे नेईल सांगता येत नाही. हातभर रुंद काउंटरमागे एक मुलगा होता. त्याने लॅपटॉप पालथा घातला, पांढऱ्या कागदावर खालच्या बाजूचं चित्र काढलं आणि एकेक स्क्रू काढून चित्रात त्याच्या त्याच्या जागी ठेवत गेला. लांब स्क्रू मागच्या कडेचे, आखूड पुढचे. उलटे लावले तर लांब स्क्रू कीबोर्डात घुसतो. दोन स्क्रू रबरी पायांखाली दडवलेले होते, ते त्याने न शोधता काढले. मग मुदत संपलेलं एक एटीएम कार्ड फटीत घालून कड्याकड्याने ओढत गेला. कट्‌, कट्‌, कट्‌. प्रत्येक आवाजाला भाऊजी डोळे मिटत होते.

"रॅम पण आठची करून टाका," मी म्हटलं. एक स्लॉट रिकामा होता.

"साहेब, रॅमचं आता विचारू नका." २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव भडकले. कुठेतरी कुणीतरी यंत्राला कविता करायला लावतो आणि त्यापायी डोंबिवलीतला एक लॅपटॉप चार जीबीवर राहतो. राहू दे, म्हटलं.

मुलाने जुनी हार्ड डिस्क काढून भाऊजींच्या हातावर ठेवली. चांगली वजनदार. मग एसएसडी ठेवली. तोच आकार, पण वजन जवळजवळ नाहीच.

"यात आत काही आहे ना?" भाऊजींनी ती कानाशी हलवून पाहिली.

सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवलं गेलं, कारण नव्वद जीबी २५६ मध्ये आरामात मावतात. पैसे देताना भाऊजींनी 'जुना पार्ट परत द्या' हे सांगितलंच. हार्ड डिस्कला यूएसबीची डबी चढवली, तिचे तीनशे रुपये, घासाघीस करून अडीचशे.

आता तो लॅपटॉप पंधरा-वीस सेकंदांत तयार होतो. याने घरातल्या काही जुन्या सोयी गेल्या. 'लॅपटॉप सुरू होतोय' असं सांगून भाऊजींना ताईच्या हाकेला उशीर करता येत नाही. रविवारी काका खास पाहायला आले. त्यांनी स्वतः बंद केला, स्वतः सुरू केला, एक्सेलवर एकदाच डबल क्लिक केलं आणि ते लगेच उघडलं तेव्हा दुसऱ्या क्लिकसाठी उचललेलं बोट हवेत राहिलं.

"छान झालाय," ते म्हणाले. "खर्च?"

"अडीच हजार," भाचा म्हणाला. "तुमच्यात पण बसते, काका. घालून देऊ?"

"किती जीबी आहे ही?"

"दोनशे छप्पन."

"आणि आधी किती होते?"

"एक टीबी."

काकांनी चष्मा काढला, मनात वजाबाकी केली आणि भाऊजींकडे पाहिलं.

"म्हणजे अडीच हजार रुपये मोजून तुम्ही साडेसातशे जीबी कमी करून घेतले?"